अनोळखी देण्याचं समन्स

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

प्रिय मृणाल,


डॉक्टर ग्रुपच्या बिलापायी आलेल्या समन्सचे फोटो मिळाले. सगळी पानं नीट वाचली. तातडीचं तेवढं आधी सांगते. सुनावणीची तारीख पहिल्याच पानावर आहे आणि त्या दिवशी तुला कोर्टात हजर राहायचं आहे. कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्सच्या, म्हणजे लहान रकमेच्या, दाव्याला लेखी उत्तर दाखल करावं लागत नाही, हजर राहणं हेच उत्तर. ऑफिसच्या कामाने परगावी असशील तर एससी-१५० हा फॉर्म सुनावणीच्या किमान १० दिवस आधी भरून तारीख पुढे मागता येते. कागद तुझ्या सासऱ्यांनी घेतला म्हणून समन्स रद्द होईल, हे मात्र मनातून काढून टाक. घरातल्या सज्ञान माणसाच्या हाती कागद दिला आणि प्रत टपालाने पाठवली, की बजावणी पुरी होते.

तू लिहिलंस, "१,८४० डॉलर देऊन टाकते आणि मोकळी होते." सासरे म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. त्यांच्या म्हणण्यामागचा अनुभव मी जाणते. आपल्याकडे जमिनीच्या आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत माणसं आयुष्यभर तारखांना जात राहिली, वकिलांच्या फीपायी शेतं विकली गेली. पण इथल्या या कोर्टात वकिलाला तुझ्याही वतीने उभं राहता येत नाही आणि वादीच्याही वतीने नाही. सुनावणी बहुधा काही मिनिटांत आटोपते आणि निकाल पुष्कळदा टपालाने घरी येतो. तू पायरी चढली नाहीस, तर वादीला न्यायाधीशांसमोर जे मांडायचं असेल ते खोडून काढायला समोर कोणीच नसतं.

आणि बहुतेक लोक जात नाहीत. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्सने २०२० मध्ये अमेरिकेतल्या कर्जवसुलीच्या दाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या ठिकाणांची माहिती मिळाली, तिथे ७० टक्क्यांहून अधिक दावे प्रतिवादीच्या गैरहजेरीत वादीच्या बाजूने निकाली निघाले होते. त्यातली कितीतरी देणी खरी असतील. पण कितींची रक्कम चुकीची असेल, माणूसच भलता असेल, विमा कंपनीने आधीच पैसे भरले असतील? हे कोणी तपासलंच नाही, कारण विचारणारं कोणी आलं नाही. याचा मला फार राग येतो. मी इतकी वर्षं डॉक्टरांच्या बिलिंगचं काम केलं आहे. बिल किती सहज चुकतं ते रोज पाहिलं आहे.

हे देणं तुला अनोळखी का वाटतं, तेही सांगते. तू म्हणतेस की या नावाच्या डॉक्टर ग्रुपकडे मी कधी गेलेच नाही. कदाचित खरोखरच गेली नसशील. पण तू ईआरमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, गेलीस, तर हॉस्पिटलचं बिल वेगळं येतं आणि तुला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या ग्रुपचं वेगळं. एक्स-रे वाचणारा रेडिओलॉजिस्ट तुला दिसतही नाही, त्याचं तिसरं. पॅथॉलॉजीचं चौथं. तुझ्या ओळखीचं नाव फक्त हॉस्पिटलच्या दारावरचं असतं. त्यात तू मधे नोकरी बदललीस आणि घरही. जुन्या विम्याकडे क्लेम गेला, तो नाकारला गेला, बिल सनीवेलच्या जुन्या पत्त्यावर गेलं, असं फार वेळा होतं. आपल्या नावांचाही घोळ होतो. तुझ्या नावा-आडनावाच्या आणखी मुली या भागात असतील, म्हणून जन्मतारीख तपास. आपण दिवस आधी लिहितो आणि इथे महिना. आणि एक आठव. गेल्या वर्षी सासूबाईंना छातीत दुखतं म्हणून रात्री नेलं होतं, तेव्हा फॉर्मवर 'गॅरंटर' म्हणून सही कोणी केली? आईवडील पाहुणे म्हणून आलेले असतात, घाईत मुलं सही करतात, आणि ती जबाबदारी मुलांच्या नावावर येते.

आता कागद. ज्या तारखेची सेवा दाव्यात लिहिली आहे, त्या तारखेला तुझा विमा कोणाचा होता ते पाहा आणि त्या कंपनीच्या साइटवरून त्या दिवसाचे सगळे ईओबी उतरवून घे. ईओबी म्हणजे बिल नव्हे, विमा कंपनीने केलेला हिशेब. त्यात डॉक्टरने लावलेली रक्कम असते, कराराने ठरलेली असते, विम्याने भरलेली असते आणि शेवटी 'पेशंट रिस्पॉन्सिबिलिटी' असते. तुझं देणं तेवढंच. ग्रुप इन-नेटवर्क, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेला, असेल, तर ठरलेल्या दराच्या वरचे पैसे तुझ्याकडून घ्यायला करार त्यांना मनाई करतो. क्लेम मुदतीत पाठवायला ते विसरले, तर तो भुर्दंडही सहसा त्यांनीच सोसायचा असतो. ग्रुप नेटवर्कबाहेरचा असेल, तर ईआरमधल्या उपचारांसाठी १ जानेवारी २०२२ पासून नो सर्प्रायझेस ॲक्ट लागू आहे. तुझा वाटा इन-नेटवर्कच्या हिशेबानेच धरावा लागतो. त्या दिवसाचा ईओबीच नसेल, तर क्लेम विम्याकडे पोचलाच नाही किंवा माणूस तू नाहीस. दोन्ही गोष्टी न्यायाधीशांना सांगण्याजोग्या आहेत.

वादी कोण आहे तेही वाच. दुसऱ्याकडून देणं विकत घेणाऱ्या कंपनीला कॅलिफोर्नियाच्या स्मॉल क्लेम्समध्ये दावा लावता येत नाही. सेवेची तारीख जुनी असेल, तर मुदतीचा मुद्दा येतो: लेखी कराराला ४ वर्षं, तोंडी कराराला २. लेखी कबुलीने ती मुदत नव्याने सुरू होऊ शकते, म्हणून तपास पुरा होईपर्यंत सहीनिशी कुठेही "मी हे देणं लागते" असं लिहू नकोस. केस नंबर कोर्टाच्या स्वतःच्या साइटवर शोध, समन्सवरच्या फोन नंबरावर विसंबू नकोस.

वादीला आजच पत्र टाक: तपशीलवार बिल, सेवेची तारीख, विम्याकडे क्लेम कधी पाठवला, काय उत्तर आलं, आणि तुझी सही असलेला कागद माग. दिला नाही, तर एससी-१०७ या फॉर्मने कोर्टामार्फत कागद मागवता येतात. पण पत्र पाठवलं म्हणून सुनावणी थांबत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. वसुली एजन्सीकडे ३० दिवसांत लेखी आक्षेप घेतला की त्यांनी खुलासा देईपर्यंत तगादा थांबवायचा, असा केंद्राचा १९७७ चा कायदा आहे. कोर्टाच्या तारखेला तो लागू नाही. या गैरसमजात पुष्कळजण सापडतात.

कोर्टात प्रत्येक कागदाच्या ३ प्रती ने. बोलणं लांबवू नकोस. देणं सिद्ध करणं ही वादीची जबाबदारी आहे, तुझी नव्हे. "या तारखेचा माझा ईओबी असं सांगतो, यांचा आकडा वेगळा आहे, फरक कुठून आला ते यांनी दाखवावं," एवढं पुरे. प्रत्येक काउंटीत स्मॉल क्लेम्सचा विनामूल्य सल्लागार असतो. त्याला आधी भेट. निकाल विरुद्ध गेला, तर प्रतिवादीला ३० दिवसांत अपील करता येतं आणि वरच्या न्यायाधीशांसमोर सुनावणी नव्याने होते. वादीला ती सोय नाही.

सासऱ्यांना सांग की हा दिवाणी दावा आहे, पोलिसांचा यात संबंध नाही. ग्रीन कार्डच्या अर्जात अटकेबद्दल जे विचारतात, त्यात हे येत नाही. मात्र गैरहजेरीत निकाल लागला, तर तो १० वर्षं लागू राहतो आणि त्यावर पगारातून कपात होऊ शकते, बँकेच्या खात्यावर टाच येऊ शकते.

आणि तपासाअंती देणं तुझंच निघालं तर दे. कोणीतरी तुझ्यावर उपचार केले असतील, तर त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. फक्त ईओबीतला आकडा दे, भीतीपोटी वाढलेला नव्हे.

एक शेवटचं. सुनावणी जवळ आली की वादीचा माणूस बहुधा फोन करील: निम्मे द्या, मिटवू, किंवा दावा मागे घेतो, येऊ नका. निम्मे कशाचे, हे कळल्याशिवाय हो म्हणू नकोस. मागे घेतो म्हणाले, तर त्याची नोंद कोर्टाच्या साइटवर दिसेपर्यंत थांब, आणि दिसली नाही तर ठरल्या दिवशी कागद घेऊन जा. मी सोबत येईन. सुनावणी सर्वांना खुली असते, मागच्या बाकावर बसायला कोणी हरकत घेणार नाही.

तुझी,
सुधामावशी