मुक्या गिऱ्हाइकाची वही

गोंदिया जिल्ह्यात नवे धान घरात येऊ लागले की राइस मिलचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांना उसंत मिळत नाही. अशाच एका जैन कुटुंबाच्या दुकानामागे झिजलेल्या रबर रोलांची रास पडलेली असे. धानावरचे तूस काढण्याचे काम हे रोल करतात. दोन रोल समोरासमोर, उलट दिशांनी आणि वेगवेगळ्या गतीने फिरतात. त्यांच्या फटीतून जाणारा दाणा घासला जातो आणि तूस सुटते. तुसात सिलिका असते, त्यामुळे रबर हळूहळू झिजते आणि मिलवाल्याला नवा रोल घ्यावा लागतो. दादाजींची सारी दुकानदारी या झिजण्यावर उभी होती. वस्तू किती टिकते आणि कशी संपते, याचा विचार त्यांच्या अंगवळणी पडला होता.

त्या राशीवर मोती बसे. एका पावसाळ्यात नातीने गल्लीतून उचलून आणलेले ते गावठी पिल्लू. सोवळे पाळणाऱ्या दादीजींनी प्रथम नाराजी दाखवली. परंतु मरणासन्न कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र म्हणणाऱ्या जीवंधरकुमारांची कथा त्यांनीच नातवंडांना सांगितलेली होती. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, या अटीवर मोती घरचा झाला.

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. चार ते सात महिन्यांच्या दरम्यान ते पडून ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते चावले जाते. पुढेही चावण्याची गरज संपत नाही; त्यातच कुत्र्याच्या जबड्याला व्यायाम आणि मनाला विरंगुळा मिळतो. मोतीने चपला, पाट आणि देवडीची चौकट कुरतडली. एका दुपारी रोकडवहीचा लाल कापडी पुठ्ठाही त्याच्या तावडीत सापडला, तेव्हा घरात गंभीर चर्चा झाली.

नागपूरहून आलेल्या एका नातलगाने उपाय आणला. पांढरट रंगाचे, दोन्ही टोकांना गाठी असलेले ते एक 'हाड' होते. दादीजींनी ते हातात घेण्याआधी विचारले, "हे कशाचे आहे?" नातीने वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली. ते रॉहाइड होते, म्हणजे जनावराच्या कातड्याचा आतला थर. रसायनांनी धुऊन, वाळवून, गुंडाळून गाठ मारलेला. दादाजींना कर्मादाने आठवली. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असलेले पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांतील दंतवाणिज्यात केवळ हस्तिदंत नव्हे, तर केस, नखे, हाडे आणि कातडे यांचा व्यापारही येतो. ते खेळणे उंबऱ्याच्या आत आले नाही. पुढे नातीच्या वाचनात आले की असे कातडे तोंडात ओले होऊन फुगते आणि त्याचा मोठा तुकडा गिळला गेल्यास घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.

मग घराने उलट टोक गाठले. प्राणिजन्य काही नको आणि तुटणारेही नको, म्हणून अत्यंत कडक प्लॅस्टिकचे हाड आणले गेले. ते खरोखरच तुटले नाही. काही आठवड्यांनी मोतीने एका बाजूने खाणे सोडले. वरच्या जबड्यातील मोठ्या दाढेचा एक पापुद्रा सरळ निघून आला होता. पशुवैद्यांनी समजावले की ही वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ मिळून कात्रीसारखे काम करतात. कुत्रा कठीण वस्तू तिथेच धरतो आणि म्हणून हीच दाढ अधिक वेळा फुटते. तिच्यावरचे कवच एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. त्यांनी एक साधी कसोटी सांगितली: वस्तूवर अंगठ्याचे नख दाबावे; जराही खूण उमटली नाही तर ती वस्तू कुत्र्याच्या तोंडासाठी फार कठीण आहे. खेळणे टिकले होते, दाढ मात्र टिकली नाही.

नात नुकतीच अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून आली होती. तिच्या बरोबरीची मुले पुण्या-बंगळूरला निघून गेली होती. तिला मात्र गोंदियातच काही उभे करायचे होते आणि ते काय, हे तिला उमगत नव्हते. मोतीच्या दाढेने तिला प्रश्न दिला. दाताहून मऊ आणि तरीही जबड्याला दाद न देणारे असे काय आहे? उत्तर दुकानामागे पडलेले होते. मोती ज्या राशीवर बसे, तीच रबराची होती.

असे पूर्वी घडले होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९७० च्या दशकात ज्यो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड कुत्रा दगड चावून दात झिजवीत असे. फोक्सवॅगन गाडीची दुरुस्ती करताना मार्कहॅम यांनी रबराचा एक भाग बाजूला टाकला आणि फ्रिट्झने दगड सोडून तो उचलला. त्या भागाच्या आकारावरून पुढे 'काँग' हे पोकळ रबरी खेळणे तयार झाले आणि १९७६ मध्ये व्यवसाय सुरू झाला. ही हकीकत वाचून घरातील काकांचे डोळे चमकले. गाडीच्या भागाने तिथे व्यवसाय उभा राहतो, तर रोलाच्या रबराने इथे का नाही? कच्चा माल जवळजवळ फुकट, कापण्याची मजुरी किरकोळ, नागपूर आणि रायपूर या दोन्ही बाजारपेठा रेल्वेच्या टप्प्यात. दिवाळीपूर्वी माल काढावा, असे ठरू लागले.

नातीने काही तुकडे कापले. मोतीला देण्यापूर्वी तिने प्रत्येक तुकडा लहान काट्यावर तोलला आणि आठवड्याने पुन्हा तोलला. वजन घटले होते. तिने तो आकडा सहज दादाजींना सांगितला. दादाजींनी चष्मा वर केला.

"ही तूट गेली कुठे?"

"जमिनीवर थोडे कण सापडले, दादाजी."

"तेही तोलले का?"

ते तोलले. तूट भरून निघाली नाही. उरलेले रबर मोतीच्या पोटात गेले होते.

तिने रोलाच्या रबराची माहिती काढली. रबर कच्चे वापरता येत नाही. ते गंधकाबरोबर तापवले की मजबूत होते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये उमगले. त्याशिवाय त्यात काजळी, तेले आणि अनेक रसायने असतात. कोणत्या कारखान्याने काय घातले, हे वापरून टाकलेल्या रोलावरून कळत नाही. शिवाय गिरणीतल्या घर्षणाने आणि उष्णतेने ते रबर जुने होऊन भुरभुरते झाले होते. धान सोलण्यासाठी केलेले मिश्रण पोटात जाण्यासाठी केलेले नसते. काका म्हणाले, एवढे कोण पाहतो? दादाजी म्हणाले, "म्हणूनच आपण पाहायचे. पैसे देणारा माणूस, चावणारा मुका जीव. मिलवाल्याचा रोल खराब निघाला तर तो उद्या दारात उभा राहतो. हे गिऱ्हाईक येणार नाही. त्याची वही आपल्यालाच लिहावी लागेल."

दिवाळीचा बेत रद्द झाला. नात दोन दिवस फारसे बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कोरी वही घेतली, पहिल्या पानावर मोतीचे नाव घातले आणि नव्याने आरंभ केला.

आता माल फुकटचा नव्हता. केरळातील झाडांच्या चिकापासून मिळणारे नैसर्गिक रबर तिने निवडले. ताणले की त्याचे रेणू एका रांगेत येऊन अधिक घट्ट बसतात, म्हणून चीर गेली तरी ती सहज पसरत नाही. झाडाच्या चिकाची वस्तू हे ऐकून दादीजींना समाधान वाटले. गोंदिया हे नावही गोंदावरूनच पडले असे सांगतात. परंतु रबर शिजवताना स्टिअरिक आम्ल लागते आणि ते वनस्पती तेलापासून जसे मिळते तसे जनावरांच्या चरबीपासूनही मिळते. साचेकाम करणाऱ्या कारखानदाराला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. त्याने पुरवठादाराला पत्र लिहिले आणि वनस्पतिजन्य आम्लाची लेखी खात्री आल्यावरच पहिला साचा भरला.

आकारही मोतीच्या तोंडाकडे पाहून ठरला. पातळ कडा कुठेही ठेवली नाही, कारण दाढेची कात्री कडेवरच चालते. जाडी सर्वत्र भरपूर ठेवली. वस्तू घशाकडे सरकू नये इतकी मोठी केली आणि लहानमोठ्या कुत्र्यांसाठी वेगवेगळी मापे धरली. आतल्या पोकळीत भाकरीचा चुरा भरता येतो, पण पोकळीला एकच छिद्र असेल तर आत निर्वात पोकळी निर्माण होऊन जीभ अडकते. म्हणून दुसऱ्या टोकालाही छिद्र ठेवले. रंगावर वाद झाला. काकांना लाल हवा होता. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट ओळखता येतात, लाल त्याला मंद मातकट दिसतो. खेळणे निळे झाले.

शेवटी वेष्टनावरचा मजकूर लिहायची वेळ आली. कारखानदाराने सुचवले, "कधीही न तुटणारे." बाजारात असेच खपते, हे काकांनाही पटले. दादाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, पुद्गल शब्दातच पूरण आणि गलन आहे. जे जोडले ते गळणार. आपले रोलसुद्धा आपण कधी अमर म्हणून विकले नाहीत. किती टिकेल याची बढाई नको. गळू लागले हे कसे ओळखावे, ते लिही."

वेष्टनावर मोठ्या अक्षरांत तीन सूचना छापल्या गेल्या. दर आठवड्याला खेळणे हातात घेऊन तपासावे. चीर पडली किंवा तुकडा सुटू लागला तर ते काढून घ्यावे. कुत्रा चावत असताना घरात कोणीतरी लक्ष द्यावे. पहिली खेप लहान होती आणि नफा त्याहून लहान. काका अजून अधूनमधून रोलांच्या राशीकडे पाहून हिशेब करतात.

वही मात्र चालू आहे. दर रविवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी नात काटा मांडते, निळे खेळणे तोलते आणि तारखेपुढे वजन लिहिते. दादाजी आकडा वाचून मान हलवतात. मोती समोर बसून आपली वस्तू परत मिळण्याची वाट पाहत असतो.