आधी पाणी, मग गॅस

७ जून, रायापूर (धारवाडजवळ)
सुट्टीवर घरी आलो, पण कोळशातून गॅस काढायची साइट काही पाठ सोडत नाही. हुबळी-धारवाडच्या चिगरी बसची वाट बघत होतो, तेवढ्यात धाकट्या सहकाऱ्याचा फोन. "सर, फ्रॅक होऊन गेलं, तरी नुसतं पाणीच येतंय!" म्हटलं, येऊ दे. कोळशातला मिथेन मोकळा नसतो, बारीक छिद्रांच्या आत चिकटून बसलेला असतो. पाण्याचा दाब त्याला तिथं धरून ठेवतो. पाणी उपसून दाब उतरवल्याशिवाय तो जागा सोडत नाही.

८ जून
शेजारच्या काकांचा प्रश्न : "इथं बोअर मारली तर लागेल का रे तुझा गॅस?" नाही, काका. धारवाडचं नाव मिळालेले इथले खडक २५० कोटी वर्षांहून जुने. तेव्हा पृथ्वीवर झाडच नव्हतं, मग कोळसा कुठला? गोंडवन कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांचा. म्हणून आमचं काम राणीगंज, झरिया, सोहागपूरकडे.

९ जून
दुपारी नव्या पोरांसाठी टिपणं काढली. आधी विहिरीत केसिंग, म्हणजे पोलादी नळी, मागे सिमेंट. मग कोळशाच्या थरासमोरच परफोरेशन, म्हणजे नळीला भोकं. त्यातून जोरात पाणी आणि वाळू, हेच फ्रॅक. कोळशात मुळात बारीक भेगा असतात, त्यांना आम्ही क्लीट म्हणतो. त्या विहिरीला जोडायच्या, आणि भेग पुन्हा मिटू नये म्हणून वाळू. पण कोळसा मऊ. भेग लांब जाण्याऐवजी रुंद होते, वाळूचे कण भिंतीत रुततात. पाण्याचं दाट जेल केलं तर त्यात वाळू छान वाहते, पण तेच जेल क्लीटमध्ये अडकून बसतं. नुसतं पाणी वापरलं तर क्लीट वाचतात, मात्र वाळू लवकर खाली बसते. नायट्रोजनचा फेस हा मधला मार्ग, खर्चिक.

११ जून
टिपणांत आज भर : अमेरिकेतल्या सॅन वान खोऱ्यात फ्रॅकऐवजी दुसरीच रीत गाजली. कोळशासमोर केसिंग घालायचंच नाही. हवा भरून दाब चढवायचा आणि एकदम सोडायचा. कोळसा ढासळून वर येतो, तळाशी पोकळी होते, आजूबाजूच्या भेगा सैल पडतात. हेच पुन्हा पुन्हा. पण जिथं थरात मुळातच भरपूर दाब आणि चांगला पाझर, तिथंच ते जमलं. तिकडच्याच पावडर रिव्हर खोऱ्यात तर भोक रुंद करून पाण्यानं धुतलं तरी काम भागे. एका खोऱ्याची रीत दुसऱ्याला जशीच्या तशी चालत नाही.

१४ जून
पुन्हा फोन. गॅसचे पहिले बुडबुडे दिसले, पोरगं खूश. "सर, पंपाचा वेग वाढवू?" अजिबात नको. विहिरीतली पाण्याची पातळी एकदम उतरवलीस तर पाण्याबरोबर कोळशाची भुकटी येईल, पंप अडकेल, वाळूतली वाट बुजेल. शिवाय दाब झटकन गेला की क्लीट आवळतात. गॅस सुटू लागल्यावर कोळसा थोडा आकसतो आणि वाट रुंदावते, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

"पातळी रोज थोडीच उतरव. काचेच्या बाटलीत नमुना घे, उजेडात धर. तळाला काळं बसलं तर वेग कमी कर आणि मगच मला फोन कर."