काचेतला पऱ्ह्या

घरात काचेची टाकी आणायची म्हटले, की पहिला प्रश्न येतो तो माशांचा. कोणते मासे, किती मासे, आणि शेजारचे मांजर आले तर काय! वनस्पतींचा विचार सर्वांत शेवटी. दुकानदार जाता जाता प्लॅस्टिकचे एक हिरवेगार झुडूप पिशवीत टाकतो आणि हौस पुरी होते. आमच्या घरी मात्र गाडी उलट्या बाजूने निघाली. आधी पाणी, मग पाण्यातली झाडे, आणि जमलेच तर मासे. कारण ही टाकी हवी होती ती आईसाठी. आणि आईला माशांचे कौतुक ताटात वाढलेल्या माशांपुरतेच!

आई ७८ वर्षांची. राजापूर तालुक्यातल्या घराला कुलूप लावून दोन वर्षांपूर्वी ती पुण्यात, आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. डॉक्टरांनी घाटातला प्रवास बंद केला आहे. तिने तक्रार अशी कधी केली नाही. पण स्वयंपाकघरातला नळ ठिबकत असला, तर ती तो बंद करायला सांगत नाही, ऐकत बसते. हे आधी लक्षात आले ते सौ.च्या. गावच्या घरामागून पऱ्ह्या वाहतो. देशावरच्या वाचकांसाठी सांगतो : पऱ्ह्या म्हणजे नदी नव्हे, आणि नाला तर मुळीच नव्हे. डोंगरातून खळखळत येणारा, एका ढांगेत ओलांडता येईल एवढाच प्रवाह तो. लग्न होऊन आली तेव्हापासून आईचा दिवस त्याच्या काठी उजाडत आला.

"टाकीत काय लावू?" मी विचारले.

"ते अळवासारखं असतं बघ, लांब पानांचं, पाण्याखाली. फुलाला पीळ असतो. आणि पाणी हलतं ठेव हो. उभं पाणी बघवत नाही मला."

एवढ्या दोन अटी घेऊन मी गेल्या पौषात गावी निघालो. कराडहून मलकापूर आणि पुढे अणुस्कुऱ्याचा घाट. घाटमाथ्यापर्यंत सह्याद्रीचा काळा कातळ सोबतीला असतो. घाट उतरून पाचलच्या पुढे गेले, की हळूहळू सारे तांबडे होत जाते. रस्त्याची कड, घरांच्या भिंती, पोरांचे पाय. हा जांभा. इंग्रजीत त्याला 'लॅटराइट' म्हणतात. फ्रान्सिस बुकानन याने मलबारातला हा दगड पाहून १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात ते नाव रूढ केले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वीट. आमच्याकडच्या गवंड्याला हे सांगितले असते, तर तो म्हणाला असता, "मग आम्ही चिरा म्हणतो तो काय वेगळा?" या दगडात लोह भरपूर, चुना जवळजवळ नाही. म्हणून त्यावरून येणारे पाणी मऊ. डाळ पटकन शिजते. आणि गंमत अशी, की पाणवनस्पतींच्या टाक्या सजवणाऱ्या जर्मन हौशी मंडळींनी गेल्या शतकाच्या अखेरीस टाकीच्या तळाशी मुद्दाम जांभ्याची माती घालायला सुरुवात केली. झाडांच्या मुळांना लोह मिळावे म्हणून! आमच्या परसात ती फुकट पडलेली.

पऱ्ह्याला पाणी पोटरीभरच होते. वळणाशी, जांभळीच्या सावलीत, आईने सांगितलेले झाड सापडले. त्याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकोराइन. आईने 'अळवासारखं' म्हटले ते अक्षरशः खरे. अळू, सुरण आणि हे झाड एकाच कुळातले. पावसाळ्यात ते लोंढ्याखाली बुडून असते, पण मुळे सोडत नाही. पाणी ओसरले की पानांच्या बुडाशी पिळाची फुले येतात. फुलाच्या वासाने चिलटे नळीत उतरतात, आत अडकतात, आणि परागांनी माखूनच बाहेर सुटतात. बैठकीत ठेवण्याजोग्या शोभेच्या झाडाचा असला उद्योग मला तरी ठाऊक नव्हता.

तिथे मी दोन तास बसलो, आणि टाकीचा आराखडा तिथेच झाला. उजेड जांभळीच्या पानांतून कवडशांनीच येत होता. तेव्हा घरी दिवाही सौम्य हवा. मुळे चार बोटे खोल, बारीक खडीत. तेव्हा तळाला थर तेवढा हवा. पाणी एका बाजूने येत होते आणि साऱ्या पात्यांचा कल एकाच दिशेला होता. डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले दोन मासे पृष्ठभागाशी स्थिर होते. हे डासांच्या अळ्या खातात. आणि जिथे ऊन थेट पडत होते, तिथे दगडांवर हिरवा बुळबुळीत थर होता, झाड नव्हते.

या थराला आपण शेवाळ म्हणतो. आणि पाण्यातल्या पात्यांच्या गवतालाही शेवाळच म्हणतो, भिंतीवरच्या मखमलीलाही शेवाळच. मराठीच्या प्राध्यापकाने भाषेची उणी काढू नयेत. पण टाकी मांडणाऱ्याला या एका शब्दाने फार घोटाळ्यात टाकले आहे. एक शेवाळ वाढवायचे असते आणि दुसरे वाढू द्यायचे नसते!

शेजारचे काका काठावर येऊन उभे राहिले. "उपट की दोन मुळं. वहिनींसाठी नेतोयस ना?"

मी उपटली नाहीत. पूर्वी ही झाडे पार साकवापर्यंत होती. आता त्या एका वळणाशीच उरली आहेत, वर सिमेंटचा बांधारा झाल्यापासून. आईसाठी नेली असती तर तिला आनंद झाला असता, आणि वळण रिकामे झाले असते. घराच्या पडलेल्या गडग्यातले जांभ्याचे तीन तुकडे मात्र पिशवीत घातले. कंबरेने अजूनही आठवण ठेवली आहे.

पुढचे आठ महिने आखणीत गेले. "चंद्रयान चाळीस दिवसांत पोचलं, बाबा," चिरंजीवांनी २०२३ सालचा दाखला दिला. पण टाकी एकदा भरली की हलत नाही. २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच एवढ्या टाकीत ७० लिटर पाणी मावते. खडी, दगड, काच धरून भार १०० किलोच्या घरात जातो. म्हणून आधी सुताराकडून टेबल. खिडकी टाळून, आईच्या पलंगासमोरची भिंत ठरली. दिवा रोज सात तास. झाडे रोपवाटिकेत वाढवलेली, श्रीलंकेकडच्या क्रिप्टोकोराइनची. "अळूच ना ते? मग चालेल," आई म्हणाली. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाची लांब पाती. या वनस्पतीला मान द्यायलाच हवा. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०च्या सुमारास दोन गोल्डफिश, गोगलगाई आणि हीच पाती एका भांड्यात ठेवून दाखवले, की झाडे आणि जीव एकमेकांना सांभाळू शकतात. गोगलगाई त्यांनी नंतर घातल्या, कुजकी पाने खाऊन टाकायला.

पाणी गाळणाऱ्या यंत्राची नळी पृष्ठभागाच्या आत ठेवावी, असे जाणकार सांगतात. वरून पाणी पाडले, तर झाडांना लागणारा कार्बन वायू उडून जातो. मी ती दोन बोटे वर ठेवली आहे. ही झाडे सोशिक आहेत, आणि आवाज नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी?

गणपतीनंतर टाकी भरली. आता तीन आठवडे झाले. मासे अजून नाहीत. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू खडीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाहुणे येतात, वाकून बघतात आणि विचारतात, "मासे लपलेत का?"

दुसऱ्या आठवड्यात क्रिप्टोकोराइनची पाने काचेसारखी पातळ होऊन वितळली. नव्या पाण्यात हे व्हायचेच, असे पुस्तकात वाचले होते, तरी सौ.चा चेहरा उतरला. आई चष्मा सारखा करून टाकीजवळ गेली.

"अळू दुसरीकडे लावलं की आधी पानं टाकतंच. पानं काय बघता? कंद घट्ट आहे ना?"

कंद घट्ट होता. काल संध्याकाळी त्यातून सुईएवढे एक तपकिरी टोक वर आले आहे. आईने ते चिरंजीवांच्या आधी पाहिले. रात्री ती पंखा एकवर ठेवायला सांगते. पंखा जोरात असला की पाणी नीट ऐकू येत नाही म्हणते. माशांबद्दल तिने अजून काही विचारलेले नाही.