सूरपाटी

आट्यापाट्यांचे मैदान आखावयास आमच्या गडचांदुरात राख आणि दोरी एवढी सामग्री पुरे होत असे. आडव्या ९ पाट्या, व त्या सर्वांस मधोमध छेदणारी उभी सूरपाटी. झाला व्यूह सिद्ध! नियमबद्ध खेळात पाटी २३ फूट १ इंच लांब, पण रुंद अवघी १३ इंच.

पाटीवाल्याचे भय मला फारसे वाटले नाही. तो आपल्या पाटीशी जखडलेला. त्यास एका टोकास हुलकावून दुसऱ्या टोकाने निसटता येते. खरे संकट सुराचे. तो उभ्या रेषेने धावत येऊन अंगणाचे दोन तुकडे करतो. पुढे पाटीवाला, मागे पाटीवाला, बगलेस सूर : हीच कोंडी. मोबाईलवरील लढतीच्या खेळांत बलाढ्य राक्षस बहुधा अखेरच्या दालनात भेटतो. आमचा राक्षस आरंभापासूनच मध्यभागी पळत असे.

त्याचा धाक बळाचा नव्हे, जागेचा. म्हणूनच दांडगी पोरे एकेकटी कोंडीत मरत, आणि किरकोळ पोरे जोडीने सुटत : एकाने सुरास आपणाकडे ओढावे, दुसऱ्याने तेवढ्यात पाटी ओलांडावी. परंतु ओढणारा पुष्कळदा स्वतः बाद होई. शेवटची पाटी ओलांडून 'लोण' घेऊन परतणाऱ्याचा जयजयकार चाले. त्या लोणात बाहेर बसलेल्या गड्याचाही वाटा असतो, हे ज्यास उमगले त्यासच हा खेळ कळला असे मी समजतो.