दमदार फ्यूज

आपल्याकडे फ्यूज कायम वाईट अर्थानंच येतो. डोकं तापलं की ‘फ्यूज उडाला’, बल्ब गेला की ‘फ्यूज झाला’ आणि रिटायर झालेल्या साहेबांची तर ‘फ्यूज बल्ब’ म्हणून टिंगलच होते. बिचाऱ्या फ्यूजला आयुष्यात एकदाच काम करायचं असतं. ते त्यानं केलं की आपण म्हणतो, हा गेला!

गाडीतला फ्यूज कधी हातात घेऊन बघा. नखाएवढं रंगीत, आरपार दिसणारं प्लास्टिक, खाली दोन चपटे पाय आणि ते जोडणारी जस्ताची वळणदार पट्टी. पट्टीचा मधला भाग मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट आला की तापून आधी हीच वितळते आणि सर्किट तुटतं. अख्ख्या वायरिंगमधली सगळ्यात कमजोर जागा कोणती असावी, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ती जागा हाताला येईल अशी, आणि तिथला तुकडा पाच-दहा रुपयांत बदलता येईल असा. मला हे डिझाइन फार आवडतं.

रंगसुद्धा उगाच नसतात. ५ अँपिअर फिकट बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा, ३० हिरवा. गाडी बदलली तरी रंग बहुधा हेच. ते मला पाठ आहेत, आणि त्याचं कारण ई अँड टीसीची डिग्री नाही. कारण आहे बाबांचा एक फोन.

बाबा कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी असतात. आत्याचं डायलिसिस सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोनदा ते तिला जुन्या हॅचबॅकमधून कऱ्हाडला नेतात. स्लॉट संध्याकाळचा, त्यामुळे परत यायला रात्रीचे दहा वाजतात. हायवे, त्यात उसाचा सीझन. फोनवर रोज एक तक्रार ठरलेली : “ट्रॉल्यांना मागं एक लाल दिवा लावायला काय जातं गं यांचं? अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत.”

त्या दिवशी बोलता बोलता म्हणाले, “आपल्या गाडीच्या मीटरचा लाईट गेलाय. आठवडा झाला. पण चालतंय, स्पीड अंदाजानं कळतो.”

मी पुण्यात लॅपटॉपसमोर होते. मीटरमागचे सगळे दिवे एकदम कसे जातील? बऱ्याच गाड्यांमध्ये मीटरचे दिवे, पार्किंग लाईट, नंबर प्लेटचा दिवा आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात. मी म्हटलं, “बाबा, लाईट चालू करा आणि खाली उतरून गाडीच्या मागं जाऊन बघा.”

थोडा वेळ नुसता चपलांचा आवाज आला. मग शांतता. मग बाबा म्हणाले, “दोन्ही बंद आहेत.”

ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज वेगळा होता, त्यामुळे ब्रेक दाबला की मागं उजेड पडत होता आणि कुणी हॉर्न मारून सांगितलंही नव्हतं. पण नुसती गाडी चालत असताना मागून पूर्ण अंधार. आठवडाभर आमचीच गाडी त्या ट्रॉल्यांसारखी हायवेवरून जात होती. आणि परतताना आत्या मागच्या सीटवर आडवी होऊन झोपलेली असायची.

व्हिडिओ कॉल लावला. चावी काढली. स्टिअरिंगखाली गुडघ्यापाशी फ्यूज बॉक्स असतो, त्याचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा होता : कुठला फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा. ‘टेल’ लिहिलेल्या जागी आकडा होता १०. बाबांनी फोन जवळ नेला. तिथे पिवळा फ्यूज बसलेला.

“बाबा, इथं लाल पाहिजे. पिवळा कुणी घातला?”

“मागच्या महिन्यात उडाला होता, तेव्हा गॅरेजवाल्यानं टाकून दिला. म्हणाला, काका, हा जरा दमदार आहे. सारखा उडायचा नाही.”

आता हिशेब बघा. मागचे, पुढचे आणि नंबर प्लेटचे मिळून पाच-पाच वॅटचे सहा बल्ब धरले तर होतात ३० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे करंट अडीच अँपिअर. मीटरचे दिवे धरून अजून थोडा. १० अँपिअरचा फ्यूज म्हणजे आधीच भरपूर मोकळीक दिलेली आहे. तरी तो उडाला, याचा अर्थ वीज बल्बपर्यंत न जाता वाटेत कुठेतरी गाडीच्या पत्र्याला टेकत होती. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीलाच जोडलेली असते, त्यामुळे उघडी वायर पत्र्याला लागली की झाला शॉर्ट. लाल फ्यूज महिन्यापूर्वी हेच सांगून गेला होता. पिवळ्यानं दुप्पट करंट सोसला. आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते : करंट दुप्पट, तर वायर चौपट तापते. आता पट्टीच्या आधी वायरची पाळी आली असती. “मधे प्लास्टिक जळल्यासारखा वास यायचा खरा,” बाबा म्हणाले, “मला वाटलं शेतात पाचट पेटवलंय.”

हेच बाबा घरातल्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये तारेचा एकच पदर घालायचे. मी लहानपणी बॅटरी धरून उभी राहायचे. शेजारी कुणी दोन पदर पिळून घातले की बाबा त्यांना ओरडायचे. तारेचे पदर डोळ्यांना दिसतात. गाडीतला फ्यूज प्लास्टिकमध्ये बंद असतो, आणि ‘दमदार’ हा शब्द ऐकायला किती बरा वाटतो.

झाकणाला एक जादा लाल फ्यूज अडकवलेला होता. प्लास्टिकच्या चिमट्यानं पिवळा काढला, लाल बसवला, लाईट लावले. सगळं सुरू. बाबांनी डिकी उघडून बघितली, बंद केली आणि मीटर पुन्हा अंधारात. फ्यूज उडाला होता. पण जाताना जागा दाखवून गेला. नंबर प्लेटची वायर डिकीच्या बिजागरीजवळ एका रबरी नळीतून जाते. डिकी हजारो वेळा उघडते-मिटते आणि ती वायर तिथेच दुमडत राहते. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं रबर बाजूला केलं तर आतली वायर सोलवटलेली आणि तिच्या आजूबाजूचं प्लास्टिक काळं पडलेलं. अर्ध्या तासाचं काम.

आमच्या धंद्यातही दमदार फ्यूज खूप खपतात. रात्री दोन वाजता अलर्ट वाजतो, तर मेमरीची मर्यादा ८० टक्क्यांवरून ९५ वर नेली जाते आणि सगळे झोपतात. एरर येते, तर ती पकडून आत काहीच न लिहिता सोडून दिली जाते. स्क्रीनवर सगळं हिरवं. आपल्याला दिसतो तो भाग चालू असला की आपल्यासाठी विषय संपतो. जो अंधार मागं असतो तो चालवणाऱ्याला दिसत नाही, मागून येणाऱ्याला दिसतो, आणि तोही उशिरा.

तुमच्या गाडीत काही अचानक बंद पडलं, तर आधी चावी काढा. एक बॉक्स स्टिअरिंगखाली असतो, दुसरा बहुतेक गाड्यांत बॉनेटमध्ये बॅटरीजवळ. झाकणावरचा नकाशा वाचा, फ्यूज काढून उजेडात धरा. पट्टी तुटलेली दिसली तर त्याच रंगाचा, त्याच आकड्याचा नवा बसवा. तोही उडाला तर तिसरा घालू नका, वायर शोधायला लागा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे हुशार लोक भेटतील, त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा. एअरबॅगच्या फ्यूजला आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी वायरींना मात्र स्वतः हात लावायचा नाही.

बाबांच्या गाडीत आता लाल फ्यूजची पुडी असते. आणि कऱ्हाडला ते गाडी भिंतीकडे पाठ करून लावतात. निघताना लाईट लावायचे आणि आरशात बघायचं, भिंतीवर लाल उजेड पडलाय का. आत्या थकलेली असते, तिला घरी जायची घाई. ती विचारते, “काय बघतोस रे एवढं?”

“काही नाही अक्का,” बाबा म्हणतात, “तू झोप.”