पाचव्या सामन्यानंतरचे प्रश्न

अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा, म्हणजे एनबीएचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा सरायच्या आत चाहत्यांचा धीर सुटतो. प्रत्येक संघाला 82 सामने खेळायचे असतात, त्यातले जेमतेम पाच-सहा झालेले असतात. तरी सामन्यानंतर रेडिओवर जो कार्यक्रम असतो त्यात फोनची रांग लागते. नवा गार्ड बिथरल्यासारखा का खेळतोय? कोच दुसऱ्या फळीला इतकी मिनिटं का देतो? यंदा आपण प्लेऑफला पोचणार का? उत्तर द्यायला बसलेला असतो संघाचा समालोचक. त्यानेही पाच-सहाच सामने पाहिलेले असतात.

मला या कार्यक्रमांची ओढ आहे. सामन्याइतकीच, एखाद्या वर्षी सामन्याहून जास्त. बास्केटबॉल मी शिकलो तोच कानाने. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आलो तेव्हा या खेळाशी माझी ओळख शाळेच्या मैदानातल्या एका गंजक्या रिंगपुरती होती. पण घरी बाळ ज. पंडितांचं मराठी क्रिकेट समालोचन ऐकत वाढलो होतो, त्यामुळे न दिसणारं मैदान आवाजावरून उभं करायची सवय होती. ऑकलंडचं ओरॅकल अरीना 880 हायवेला अगदी लागून. सामन्याच्या संध्याकाळी तिथे गाड्या हलायच्या नाहीत, आणि रेडिओवर टिम रॉय आधी दिशा सांगायचा, मग बॉल कुणाकडे आहे ते, मग घड्याळात किती सेकंद उरलेत ते. 1995 पासून तिथल्या वॉरियर्स संघाचं रेडिओ समालोचन तोच करतोय. आधी दिशा कळली, मग नावं, आणि खेळातली अक्कल कितीतरी उशिरा आली.

ती अक्कल मला चालू सामन्याच्या समालोचनातून मिळाली नाही, मिळणं शक्यही नव्हतं. बास्केटबॉलमध्ये बॉल हाती आल्यापासून 24 सेकंदांच्या आत बास्केटवर प्रयत्न करावाच लागतो. हा नियम 1954 सालचा. त्याआधी आघाडीवरचा संघ बॉल नुसता आपसात फिरवत वेळ काढायचा आणि लोक कंटाळून उठून जायचे. सिरॅक्युज संघाचा मालक डॅनी बियासोन याने साधा हिशेब मांडला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा बास्केटवर बॉल टाकतात. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा. भागा, 24 येतात. खेळ त्या भागाकाराने वाचवला आणि समालोचकाचं वाक्यही त्यानेच आखडलं. क्रिकेटच्या समालोचकाला दोन चेंडूंच्या मधे झाडावरच्या घारीबद्दल बोलता येतं. इथे वाक्याचं क्रियापद येईस्तोवर बॉल दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. ज्याला संघाबद्दल सर्वांत जास्त ठाऊक असतं, त्याला ते सांगायला सामन्यात जागाच नसते. लोकांच्या प्रश्नांना उत्तर देतानाच काय ती त्याच्या डोक्यावर घड्याळाची टांगती तलवार नसते. तिथे तो थांबतो, आठवतो, "हं" म्हणतो. त्या "हं"साठीसुद्धा मी कार्यक्रम लावतो.

लॉस एंजेलिस लेकर्सच्या चिक हर्नला ही गती सर्वांत सुरेख साधली असं मला वाटतं. 21 नोव्हेंबर 1965 पासून 16 डिसेंबर 2001 पर्यंत त्याने सलग 3338 सामन्यांचं समालोचन केलं, मधे एकही चुकवला नाही. खंड पडला तो हृदयाच्या शस्त्रक्रियेमुळे, आणि त्यानंतरही तो परत येऊन बोलला. कित्येक वर्षं त्याचं एकच समालोचन टीव्हीवर आणि रेडिओवर एकाच वेळी जायचं. त्यामुळे घरी पडद्यासमोर बसलेल्या माणसालाही तो न पाहणाऱ्यासाठीचे सगळे तपशील पुरवायचा. "स्लॅम डंक" हा शब्द आज गल्लीतली पोरंही वापरतात, तो रूढ केला त्यानेच. इतकी वर्षं रोज रात्री घरात येणारा आवाज नात्यातलाच होऊन जातो, आणि नात्यातल्या माणसाला लोक काहीही विचारतात.

पण नोव्हेंबरातल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं महाकठीण. 2013 साली फिलाडेल्फियाच्या संघाने हंगामाची सुरुवात सलग तीन विजयांनी केली. पहिलाच विजय गतविजेत्या मायामीवर. त्या आठवड्यात कुणी "आपण कुठवर जाऊ?" असं विचारलं असेल, तर त्याला वेड्यात काढता आलं नसतं. तो संघ त्या हंगामात 63 सामने हरला, त्यातले 26 ओळीने. उलट 2004 साली शिकागो बुल्स पहिले नऊच्या नऊ सामने हरले आणि शेवटी 47 जिंकून प्लेऑफमध्ये गेले. धीर फक्त चाहत्यांचाच सुटतो असंही नाही. 2012 साली लेकर्सने पाच सामन्यांनंतर, त्यातला एकच जिंकला होता म्हणून, कोच माइक ब्राऊनला घरी पाठवलं. पाच सामने म्हणजे 82चा सोळावा हिस्सासुद्धा नव्हे.

श्रेय नि दोष कुणाच्या पदरात टाकायचा, हा तर याहून अवघड प्रश्न. त्यासाठी मला ल्यूक वॉल्टनची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. 2015 साली वॉरियर्सचा मुख्य कोच स्टीव्ह कर पाठीच्या दुखण्याने रजेवर होता, म्हणून मदतनीस वॉल्टनकडे संघ आला. संघाने सलग 24 सामने जिंकून सुरुवात केली. असं एनबीएत आधी कधी घडलं नव्हतं. नियमानुसार हे सगळे विजय कागदोपत्री करच्या नावावर जमा आहेत. चारच वर्षांनी हाच वॉल्टन सॅक्रामेंटो किंग्जचा नवा कोच म्हणून मुंबईत आला. 4 आणि 5 ऑक्टोबर 2019ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने, आणि किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. पहिल्या दिवशी खुर्च्यांत प्रामुख्याने शाळकरी मुलं होती आणि त्यांना जादा वेळेत गेलेला, 132-131 असा सुटलेला सामना मिळाला. किंग्ज दोन्ही हरले. परत जाऊन त्यांनी खरा हंगाम सुरू केला तो ओळीने पाच पराभवांनी. मुंबईच्या प्रवासाचा शीण होता का? नव्या कोचची पद्धत अंगवळणी पडली नव्हती का? चोवीस विजयांच्या वेळी वॉल्टन जितका शहाणा होता तितकाच तो या पाच पराभवांच्या वेळीही असणार. असे प्रश्न ज्या समालोचकाला रोज विचारले जातात आणि ज्याला उत्तर टाळण्याची मुभा नसते, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

मुभा नसते आणि मोकळीकही नसते. तो संघाच्याच विमानाने जातो, त्याच हॉटेलात उतरतो, सकाळचा सराव पाहतो. कुणाचा गुडघा बर्फात आहे आणि कोण कुणाशी बोलत नाही हे त्याला दिसतं. पगार बहुतेकदा संघाचाच असतो. यातून दोन घराणी निघाली आहेत. एक बॉस्टनच्या जॉनी मोस्टचं. त्याच्या घोगऱ्या आवाजात सेल्टिक्स कायम सोशीक आणि विरोधी संघ कायम आडदांड. 1965 साली जॉन हॅव्हलिचेकने शेवटच्या क्षणी बॉल चोरला तेव्हाची त्याची आरोळी आजही ऐकवतात, आणि ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. दुसरं घराणं जिम बार्नेटचं. माझा जीव त्यात.

बार्नेट स्वतः खेळाडू होता. 1971 साली पोर्टलंडकडून खेळताना त्याने फार लांबून बॉल टाकला, तेव्हा तीन पॉइंटची रेषाही नव्हती. तो बास्केटमध्ये गेला आणि समालोचक बिल शोनलीच्या तोंडून "रिप सिटी" हे शब्द निघून गेले. त्या शहराला आजही लोक त्याच नावाने हाक मारतात. तोच बार्नेट 1985 पासून 2019 पर्यंत वॉरियर्सच्या टीव्ही समालोचनात होता. विरोधी खेळाडूने चांगली चाल केली तर तो ती दाद देऊन समजावून सांगायचा. आपल्या माणसाने आळस केला तर तेही सांगायचा, पण आवाज न चढवता. वॉरियर्स वर्षानुवर्षं हरत होते तेव्हाही त्याने हीच रीत ठेवली, म्हणून जिंकू लागल्यावर त्याने केलेली स्तुती खरी वाटली. 2019 साली त्याला टीव्हीवरून रेडिओवर नेलं तेव्हा पुष्कळांना वाईट वाटलं. मला मात्र तो माझ्या गाडीत आल्यासारखं वाटलं.

आणि आला तो नेमका त्या वर्षी. सलग पाच वर्षं अंतिम फेरीत खेळलेला संघ विस्कटला होता. केव्हिन ड्युरंट ब्रुकलिनला गेला, क्ले थॉम्पसनच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला, आणि घर ऑकलंडहून सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्याकोऱ्या चेस सेंटरमध्ये हललेलं. चौथ्याच सामन्यात, 30 ऑक्टोबरला, संघाचा हुकमी खेळाडू स्टेफ करी बास्केटकडे झेपावताना पडला आणि फिनिक्सचा धिप्पाड सेंटर त्याच्या डाव्या हातावर कोसळला. हात मोडला. त्या रात्रीनंतर लोकांच्या प्रश्नांचा सूरच बदलला. आता पुढचे 78 सामने पाहायचे कशासाठी?

माझ्या मते समालोचकाला याहून मोठा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यावर "संघ लढाऊ आहे" वगैरे म्हणून वेळ मारून नेता येते. पण ज्याने पाहिलंय तो काय पाहायचं ते सांगतो. त्या नोव्हेंबरात पाहण्यासारखे दोन नवखे होते. एरिक पास्कल नवख्यांच्या वार्षिक निवडीत दुसऱ्या फेरीत, एक्केचाळिसाव्या क्रमांकावर निवडलेला. 4 नोव्हेंबरला, स्वतःच्या वाढदिवशी, त्याने पोर्टलंडविरुद्ध 34 पॉइंट केले आणि नव्या घरातला पहिला विजय मिळवून दिला. दुसरा जॉर्डन पूल. त्याचा बॉल बास्केटमध्ये जाईचना. तीनातला एक प्रयत्न जेमतेम सफल व्हायचा आणि तरी तो टाकतच राहायचा. या पोराला खेळवता कशाला, हा प्रश्न रोजचा झाला. त्या घडीला उत्तर द्यायला फारसं काही नव्हतं. एकच गोष्ट होती: फ्री थ्रोच्या रेषेवर, जिथे अंगावर कुणी येत नाही आणि घाई नसते, तिथे हाच पोरगा दहातले आठ टाकत होता. मनगटात नजाकत होती, ती धावपळीत हरवत होती. हे आकड्यात दिसतंच, पण जवळून पाहणाऱ्याला त्याच्या कोपराच्या रेषेत आणि बॉल सोडतानाच्या बोटांत आधी दिसतं.

तो हंगाम करोनाच्या साथीने मधेच थांबला तेव्हा वॉरियर्स 15 जिंकून 50 हरले होते, सगळ्या संघांत तळाला. पास्कल त्या वर्षीच्या उत्तम नवख्यांच्या पाचांत निवडला गेला. 2021-22 नंतर तो एनबीएत खेळला नाही. पूलने त्याच 2021-22च्या हंगामात फ्री थ्रोमध्ये सगळ्या एनबीएत पहिला क्रमांक पटकावला, दस्तुरखुद्द करीला मागे टाकून, आणि जूनमध्ये संघाने बॉस्टनला हरवून विजेतेपद मिळवलं तेव्हा दोन सामन्यांत तिसरं सत्र संपता संपता त्याने लांबून टाकलेले बॉल कुणी विसरलेलं नाही. पास्कलबद्दल मला हळहळ वाटते. त्याचे ते 34 पॉइंट खोटे नव्हते. ती रात्र त्याचीच होती.

एका वर्षी मीही फोन लावला होता. समोरचे लोक सारखे मोकळे कसे सुटतात, आपल्या बचावाला झालंय काय, असं काहीसं विचारलं. त्या रात्रीच्या माणसाने दिलेलं उत्तर मी अजून वापरतो. तो म्हणाला, बचाव डोळ्यांनी करतात असं तुम्हाला वाटतं, तो कानाने करतात. बॉलवाल्याला अडवणाऱ्याच्या पाठीमागून विरोधी खेळाडू येऊन भिंतीसारखा उभा राहतो, त्याला स्क्रीन म्हणतात. अडवणाऱ्याला ती दिसत नाही. दिसते मागे बास्केटजवळ उभ्या असलेल्या सेंटरला, आणि त्याने ओरडून सांगायचं असतं, डावीकडून की उजवीकडून. संघ नवा असला की ओरडतो कोण हेच अठरा हजारांच्या गलक्यात ओळखू येत नाही. अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात माणूस सुटलेला असतो. एकमेकांचे आवाज अंगात मुरायला जानेवारी उजाडतो.

हे त्याला ठाऊक होतं कारण तो वर्षानुवर्षं कोर्टला खेटून बसलेला होता. पुढे बऱ्याच अरीनांत त्या खुर्च्या महागड्या तिकिटांना गेल्या आणि रेडिओची मंडळी वर, गर्दीच्या डोक्यावर गेली. वरून चाली छान दिसतात, पण आरोळ्या पोचत नाहीत. ही मला मोठी हानी वाटते. एका खुर्चीची किंमत वसूल झाली आणि हजारो कानांचं नुकसान झालं. चांगले समालोचक मग सकाळच्या सरावाला जाऊन, रिकाम्या हॉलमध्ये उभे राहून ऐकतात.

यंदा पुन्हा फोन लावणार आहे. विजेतेपदाचं विचारायचं नाही. दुसऱ्या फळीतला तो नवा सेंटर सरावात ओरडतो का, आणि ओरडलाच तर स्क्रीन लागायच्या किती आधी ओरडतो, एवढं मला हवंय.