ग्वाल्हेरचे दोन दिवस

भुसावळच्या एका कापड व्यापाऱ्याने डिसेंबरातील ग्वाल्हेर-प्रवासाचे टाचण रोजमेळाच्या कोऱ्या पानावर मांडले. प्रवास वडिलांसाठी होता. तरुणपणी ते सहा वर्षे ग्वाल्हेर घराण्याची गायकी शिकले. पुढे पेढी अंगावर आली आणि तंबोरा माळ्यावर गेला.

शनिवारी गोपाचलावर तोमरकाळात कोरलेल्या भव्य तीर्थंकरमूर्तींचे दर्शन, मग ध्रुपदाचा आश्रयदाता राजा मानसिंह तोमर याचे मानमंदिर आणि गुजरी महाल; तानसेनाच्या समाधीस अर्धा तास. तानसेन समारोहाच्या रात्रीच्या मैफली मात्र मुलाने गाळल्या. चौविहार पाळणाऱ्या वृद्धाला थंडीतले जागरण कसे झेपणार? वास्तविक समारोह समाधीच्या परिसरातच भरतो. अर्ध्या तासाचा हिशेब मुळातच चुकला होता.

पंच्याहत्तरीच्या बाबूजींनी पान वाचले.

"दर्शन राहू दे. महाल खोड," ते म्हणाले. "चौविहार सूर्यास्ताला होतो, बेटा. त्यानंतर गाणे ऐकण्यास कोणत्या पच्चक्खाणाची आडकाठी?"

सूनबाईने जेवणासमोर पाचची वेळ लिहिली, खाली दोन शाली वाढवल्या. मुलाने रविवारऐवजी सोमवारचे परतीचे तिकीट काढले. चाळीस वर्षांत प्रथमच, सोमवारी दुकान बंद राहील, अशी पाटी गल्ल्याजवळ लागली.